वृत्तविद्येची पदवी आणि वृत्ताची विद्या

ग्रंथाचे परीक्षण करताना टीकाकार दोन प्रश्न विचारतो : ग्रंथकाराने काय सांगण्याचे पत्करले, आणि पत्करलेले त्याने कितपत पार पाडले? विद्यापीठाचा अभ्यासक्रम हाही एक ग्रंथच होय. त्याला प्रस्तावना असते, प्रकरणे असतात, संदर्भग्रंथांची यादी असते. आणि त्याचा वाचक तर असा, की पुस्तक आवडले नाही म्हणून ते मिटून ठेवण्याची सोय त्यास नसते. कारण त्यापायी त्याने आयुष्याची दोन वर्षे आणि वडिलांची पुंजी लावलेली असते. असे असूनही आपल्या मासिकांतून कादंबऱ्यांची परीक्षणे जितकी येतात त्यांच्या शतांशानेही अभ्यासक्रमांची येत नाहीत. ही उणीव थोडी तरी भरून निघावी या हेतूने वृत्तविद्येच्या पदव्युत्तर शिक्षणाचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

परीक्षणास कसोटी लागते. ती आम्ही पुण्यामुंबईच्या वृत्तपत्र-कचेरीतून न घेता तामलवाडी या गावातून घेतो. हे गाव सोलापूरहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात आहे. आश्विनी पौर्णिमेस सोलापूरकडून तुळजाभवानीच्या दर्शनास पायी निघालेला समुदाय याच वाटेने जातो. १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजी अमलात व १९४८ पर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात असल्यामुळे हा सारा टापू दोन राज्यांच्या सीमेवरचा होता, आणि त्या सीमेची खूण अद्याप शिक्षणव्यवस्थेत उरली आहे. तामलवाडीस सोलापूरचे विद्यापीठ जवळचे; परंतु धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालये संलग्न आहेत ती छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी. अशा गावातील पदवीधर मुलाने किंवा मुलीने, ‘मला पत्रकार व्हावयाचे आहे, त्यासाठी एम. ए. करावे काय?’ असे विचारले, तर जाणत्या माणसाने काय उत्तर द्यावे? या उत्तरावर एका कुटुंबाचे द्रव्य अवलंबून आहे, आणि ज्या मुलखाची हकीकत राज्याच्या कानी क्वचित जाते त्या मुलखास स्वतःचा बातमीदार मिळणे न मिळणेही अवलंबून आहे. म्हणून हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम एका जुन्या आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. पत्रकार हा जन्मावा लागतो, तो शाळेत घडत नाही, असे म्हणण्याची वहिवाट वृत्तपत्र-कचेऱ्यांत फार दिवसांची आहे. जोसेफ पुलित्झर याने १९०४ मध्ये अमेरिकेतील एका नियतकालिकात दीर्घ लेख लिहून या आक्षेपास उत्तर दिले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की वकील व वैद्य यांसही उपजत बुद्धी लागतेच. पण तेवढ्यावरून कोणी विधिविद्यालये आणि वैद्यकविद्यालये बंद करा म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठास त्याने वृत्तविद्यालयासाठी मोठी देणगी दिली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये ते उघडले. त्यापूर्वीच, १९०८ मध्ये, मिसुरी विद्यापीठात असे विद्यालय सुरू झाले होते, आणि तेथील विद्यार्थी प्रत्यक्ष वृत्तपत्र काढूनच धंदा शिकत. पुलित्झरचा कटाक्ष निराळा होता. त्याच्या विद्यालयात इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, आकडेशास्त्र, नीती हे विषय शिकवावेत, पण जाहिराती मिळविणे व खप वाढविणे ही धंद्याची अंगे शिकवू नयेत, असे त्याने बजाविले होते. स्वतः धंद्यात गडगंज झालेल्या माणसाने असे म्हणावे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे पाहू गेल्यास हा आक्षेप अधिकच पोकळ दिसतो. मराठीचा पहिला संपादक विद्वान होता. १८३२ च्या जानेवारीच्या ६ तारखेस ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक झाले, आणि गणितावर ‘शून्यलब्धी’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर एम. ए. होते, त्यांच्यामागून संपादक झालेले टिळक गणित व कायदा या दोहोंत मुरलेले होते, ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे हेही एम. ए. होते. म्हणजे विद्यापीठ आणि वृत्तपत्र यांची मराठीत पहिल्यापासून सोयरीक आहे. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. या माणसांनी विद्यापीठात वृत्तविद्या शिकली नव्हती. एकाने गणित, दुसऱ्याने तत्त्वज्ञान, तिसऱ्याने संस्कृत अशी एकेक विद्या त्यांनी मेहनतीने हस्तगत केली, आणि तिचे बळ घेऊन ते लेखणीकडे वळले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. आंबेडकरांचे आहे. ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा पुलित्झरचे वृत्तविद्यालय त्याच आवारात सुरू होऊन एक वर्षही पुरते लोटले नव्हते. ते तिकडे गेले नाहीत. तीन वर्षे त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांचे अध्ययन केले; १९१५ मध्ये एम. ए. ची पदवी घेतली. आणि १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी त्यांच्या पत्रांची परंपराच निर्माण झाली. त्यांच्या अग्रलेखांना जी धार आहे ती आकडे, कायदा आणि इतिहास यांच्या सहाणेवर लागलेली आहे. मथळे कसे द्यावेत याच्या पाठांतून ती आलेली नाही. वृत्तविद्यालये व्यर्थ आहेत असा निष्कर्ष यातून कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. आंबेडकरांसारखी बुद्धी लाखांत एक. सामान्य बुद्धीच्या होतकरू मनुष्यास मार्ग दाखविण्यासाठीच विद्यालये असतात. परंतु त्या मार्गावर काय असावे, याचा दाखला मात्र या उदाहरणातून मिळतो.

हिंदुस्थानात या शिक्षणाचा आरंभ अडखळत झाला. १९२० च्या सुमारास अड्यार येथे अॅनी बेझंट यांच्या राष्ट्रीय विद्यापीठात एक प्रयत्न झाला. १९३८ मध्ये अलिगढ येथे दुसरा. आणि १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांच्या हातून जो विभाग निघाला तो पहिला टिकाऊ ठरला. मराठी मुलखाशी निगडित असलेल्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० नंतर लवकरच वृत्तविद्येचे वर्ग सुरू झाले. पुणे विद्यापीठाचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत १९६४ मध्ये सुरू झाला, आणि दुसऱ्याच वर्षी दिल्लीस भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली. मराठवाडा विद्यापीठानेही पुढे आपला विभाग काढला. २००४ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठातही जनसंवादाचा विभाग आहे, आणि दिल्लीच्या संस्थेच्या अमरावती येथील केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका सुरू झाली. तेव्हा तामलवाडीच्या मुलास शिकावयास जागा नाही, असे आज म्हणता येणार नाही. जागा आहेत, तेथे काय शिकवावे, हा प्रश्न आहे.

आरंभी ही शिक्षणे पदविकेच्या रूपात होती. वर्षभराचा अभ्यास, वृत्तपत्रांतील अनुभवी मंडळींची सायंकाळची व्याख्याने, मुद्रितशोधन, भाषांतर, बातमीलेखन, वृत्तपत्रांचा इतिहास, कायदा असा तो आटोपशीर मामला होता. पुढे पदविकेची पदवी झाली, पदवीची पदव्युत्तर पदवी झाली, तिच्यावर पीएच. डी. आली. मुदत वाढली म्हणजे ती भरून काढण्यास काहीतरी लागते. ते मुख्यतः अमेरिकेतून आलेल्या ‘जनसंज्ञापन’ शास्त्राने पुरविले. १९४८ मध्ये हॅरॉल्ड लासवेलने संदेशाच्या अभ्यासाची पाच अंगे सांगितली : बोलणारा कोण, बोलतो काय, कोणत्या वाटेने, कोणास, आणि परिणाम काय. त्याच वर्षी क्लॉड शॅननने तारायंत्रातून व दूरध्वनीतून जाणाऱ्या संकेतांचे गणित मांडले. विल्बर श्रॅमने या दोन्ही धाग्यांस जोडून नवे शास्त्र विद्यापीठांत रुजविले, आणि १९६४ मध्ये नवस्वतंत्र देशांच्या विकासात प्रसारमाध्यमांचे कार्य काय, यावर ग्रंथ लिहिला. हे सर्व विद्वान आदरास पात्र आहेत. तथापि शॅननचे गणित दूरध्वनी-कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले. त्यातील बाण व चौकोन वहीत काढून पाठ केल्याने तहसील कचेरीतील कागद वाचता येतो, असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही.

आमचा आक्षेप सिद्धान्तावर नाही. सिद्धान्त हा अनुभवास प्रश्न विचारावयास शिकवितो, आणि तेवढ्यापुरता तो मोलाचा आहे. लासवेलची पाच अंगे घेऊन विद्यार्थ्याने तुळजापूर तालुक्यात पावसाच्या इशाऱ्याचा एक संदेश वेधशाळेपासून शेतकऱ्याच्या हातातील भ्रमणध्वनीपर्यंत कसा गेला, वाटेत त्यात काय गळले, काय भर पडली आणि तो पोचेपर्यंत काढलेले सोयाबीन भिजले की वाचले, याचा शोध केला, तर त्या सिद्धान्ताचे सोने होईल. परंतु परीक्षेत बाणांची आकृती काढून पाच गुण मिळत असतील, तर विद्यार्थी तालुक्यात कशास जाईल? त्यातच पदव्युत्तर वर्ग हे प्राध्यापकपदाच्या पात्रता-परीक्षेच्या तयारीचे वर्ग होऊ लागले, म्हणजे वृत्तविद्येच्या अध्यापकांनी पुढील वृत्तविद्येचे अध्यापक तयार करावे, आणि वृत्तपत्राचा त्यात संबंध न यावा, असे चक्र सुरू होते.

आता कसोटी लावून पाहू. खरीप २०२० च्या हंगामात ऑक्टोबरच्या मध्यास धाराशिव (त्या वेळी उस्मानाबाद) जिल्ह्यात अतिवृष्टी झाली व काढणीस आलेले सोयाबीन बुडाले. शेतकऱ्यांनी पंतप्रधान पीकविमा योजनेखाली हप्ते भरलेले होते. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळविले नाही, या कारणावरून फार मोठ्या संख्येने शेतकऱ्यांस भरपाई नाकारण्यात आली. शासनाचे पंचनामे झालेले होते, पण विमा कंपनीकडे वेळेत सूचना गेलेली नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल झाला. लाखो कुटुंबांच्या पोटाशी निगडित असलेली ही हकीकत आहे. ती नीट लिहिण्यास काय यावे लागते, याचा हिशेब वाचकांनी आमच्याबरोबर करावा.

या योजनेत त्या वेळी भरपाईच्या दोन मुख्य वाटा होत्या. एक वाट वैयक्तिक : आपल्याच शेताचे नुकसान झाले म्हणून शेतकऱ्याने ठरावीक मुदतीत कळवावयाचे, ७२ तासांचा नियम येथला. दुसरी वाट सामुदायिक : महसूल मंडळात ठरावीक ठिकाणी पीककापणीचे प्रयोग करून सरासरी उत्पन्न काढावयाचे, आणि ते उंबरठा उत्पन्नाहून कमी भरले तर मंडळातील सर्व विमाधारकांस त्या प्रमाणात भरपाई द्यावयाची, येथे कोणी अर्ज करण्याची गरज नाही. हा उंबरठा गेल्या सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून काढण्याची रीत २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत घातली गेली. समजा, सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के. तर उंबरठा साडेदहा क्विंटल. या वर्षी उतारा ८ क्विंटल ४० किलो आला, तर तूट २ क्विंटल १० किलो, म्हणजे उंबरठ्याचा पाचवा हिस्सा. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ४५,००० रुपये धरली, तर शेतकऱ्यास ९,००० रुपये मिळावयाचे. हे गणित मराठी सातवीच्या पलीकडचे नाही. परंतु ज्यास ते येत नाही असा बातमीदार काय लिहितो? ‘भरपाईपासून शेतकरी वंचित, बळीराजा हवालदिल.’ आणि ज्यास येते तो विचारतो : या मंडळात पीककापणीचे प्रयोग किती ठिकाणी झाले? कोणत्या तारखांस? त्या वेळी कोण हजर होते? उतारा कागदावर किती आणि खळ्यावर किती? शेजारच्या मंडळास रक्कम मिळते व या मंडळास मिळत नाही, यातील फरक कोणत्या एका आकड्याने पडला? या प्रश्नांची उत्तरे मागण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकास दिला आहे. हक्क आहे, अर्जाचा नमुना आहे. मागावयाचे काय, हे ठाऊक असणारा माणूस पाहिजे.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याच्या पूर्वभागातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप होऊन हजारो माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी त्या भागात लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. भूकंपाचे भाकीत कोणी करू शकत नाही, आणि बातमीदाराकडून तशी अपेक्षा करणे हास्यास्पद होईल. परंतु त्या मुलखातील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद असलेली होती. धक्का आल्यास माणसे मुख्यतः आपल्याच घराखाली दबून मरतात, ही गोष्ट भूशास्त्र व बांधकामशास्त्र यांची तोंडओळख असलेल्या बातमीदारास १९९२ मध्येही विचारता आली असती, लिहिता आली असती. तिचा उपयोग किती झाला असता हे सांगणे कठीण. परंतु अशी बातमी लिहिण्यास अनुकंपेइतकीच विद्येची गरज असते, एवढे निर्विवाद आहे.

यावरून आमचे मुख्य म्हणणे वाचकांच्या ध्यानी आले असेल. वृत्तविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासाचा कणा कोणतातरी एक विषय असला पाहिजे : शेती व पाणी, कायदा व न्यायालये, सार्वजनिक हिशेब, आरोग्य, शिक्षण, यांपैकी जो विद्यार्थ्यास भावेल तो. दोन वर्षांतील निम्मा वेळ त्या विषयाच्या खऱ्या अध्यापकांकडे, त्या विषयाच्या कागदपत्रांत व त्या विषयाने ज्यांचे बरेवाईट होते त्या माणसांत जावा. उरलेला निम्मा लेखन, पडताळणी, कायदा व साधने यांत. ही कल्पना स्वप्नाळू नाही. पुलित्झरच्याच विद्यालयात २००२ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नव्या प्रमुखाची निवड थांबवून, आपण शिकवितो तरी काय, याचा फेरविचार आरंभिला. आणि २००५ पासून तेथे जुन्या अभ्यासक्रमाच्या जोडीस एम. ए. चा नवा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात राजकारण, विज्ञान, अर्थव्यवहार, कला अशा एकेका विषयाचे अध्ययन विद्यार्थी करतात. शंभर वर्षांनी ते पुलित्झरच्या मूळ यादीकडेच परतले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आपल्याकडे तर याची सोय अधिक सुलभ आहे. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण आवार १९८६ पासून आहे. परभणी व राहुरीस कृषी विद्यापीठे आहेत. वृत्तविद्येच्या विद्यार्थ्याने एखादे सत्र अशा ठिकाणी काढावे, इतकी देवाणघेवाण विद्यापीठांस अशक्य का असावी?

यावर संपादक मंडळी म्हणतील, ‘आम्हांस पहिल्या दिवसापासून यंत्र चालविणारा माणूस हवा, पंडित घेऊन काय करावयाचे?’ त्यांची अडचण खोटी नाही. परंतु यंत्राचा इतिहास त्यांनीच आठवावा. खिळे जुळविण्याची कला ज्यांनी उमेदीत आत्मसात केली त्यांच्या डोळ्यांदेखत खिळे भट्टीत गेले, छायाक्षरजुळणी आली आणि गेली, संगणक आला, आता बातमीचा मसुदाच यंत्र लिहून देऊ लागले आहे. साधने शिकावीतच, पण ती सहा महिन्यांत शिकता येतात आणि दर पाच वर्षांनी पुन्हा शिकावी लागतात. उंबरठा उत्पन्न म्हणजे काय, फिर्याद व आरोपपत्र यांत अंतर काय, अंदाजपत्रकातील तरतूद व प्रत्यक्ष खर्च यांत तफावत कशी शोधावी, हे ज्ञान मात्र यंत्राबरोबर जुने होत नाही. उलट, वाक्ये जुळविण्याचे काम यंत्र करू लागल्यावर खळ्यावर जाऊन उतारा विचारणारा माणूसच दुर्मिळ व म्हणून मूल्यवान ठरणार आहे.

दुसरा आक्षेप भाषेविषयी आहे, आणि वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांस तो अधिक जवळचा वाटेल. मराठी पत्रकारितेच्या शिक्षणात मराठी गद्याचे शिक्षण सर्वांत दुबळे असावे, याहून विपरीत ते काय? परिणाम रोजच्या पत्रांत दिसतो. ‘घटनेची माहिती मिळताच पोलिसांनी घटनास्थळी धाव घेऊन परिस्थितीवर नियंत्रण मिळविले’ : या वाक्यात माहिती कोणी दिली, किती वेळाने कोण आले, परिस्थिती कोणती होती, यांपैकी काहीही नाही. ‘शेतकऱ्यांत संतापाची लाट उसळली आहे’ : ही लाट कोणी मोजली? याउलट, ‘या मंडळातील शेतकऱ्यांस हेक्टरी नऊ हजार मिळाले, ओढ्यापलीकडच्या मंडळात काहीच मिळाले नाही, पाऊस दोन्हीकडे एकच पडला’ असे कोणी लिहिले, तर त्यात अलंकार एकही नाही, आणि संताप कोणाचा व कशासाठी हे सांगावेही लागत नाही. भाषेचा प्रश्न हा अशा रीतीने सत्याचाच प्रश्न आहे. ज्यास पाहिलेले नसते त्याची भाषा सैल होते. आणि सैल भाषेची सवय जडली म्हणजे पुढे पाहण्याचीच गरज वाटेनाशी होते. म्हणून आगरकरांचे निबंध, ‘बहिष्कृत भारता’तील लेख, अनंत भालेरावांचे ‘मराठवाडा’तील लेखन हे वृत्तविद्येच्या वर्गात वाक्यावाक्याने वाचले पाहिजे. रा. के. लेले यांच्या ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ या ग्रंथातून सनावळ्या पाठ करून घेतल्याने हे कार्य साधणार नाही.

शब्दाची ही जबाबदारी न्यायाच्या बाबतीत फारच कडक होते. तुळजापूरच्या अमली पदार्थांच्या प्रकरणात २०२५ च्या फेब्रुवारीत तामलवाडी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, तेव्हा या लहान गावाचे नाव राज्यभरच्या पत्रांत झळकले. अशा वेळी संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन शब्द एकमेकांच्या जागी पडले, तर एखाद्याचे आयुष्य न्यायालयापूर्वीच निकालात निघते. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. हे ज्यास ठाऊक नाही त्याने पोलिसांचे टिपण जसेच्या तसे उतरावे, एवढेच त्याच्या हाती उरते. आणि पोलिसांचे टिपण ही बातमीची सुरुवात असते, शेवट नव्हे.

तिसरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या नीतीविषयी आहे. अनेक ठिकाणी एकाच वर्गात वृत्तलेखन, जाहिरात व जनसंपर्क हे विषय एकमेकांचे भाऊ असल्यासारखे शिकविले जातात. जनसंपर्क हा धंदा हलका आहे, असे आम्ही म्हणत नाही. शासनाचा जिल्हा माहिती अधिकारी हे सन्मानाचे पद आहे आणि या पदवीधरांस तेथे वाव असतो. परंतु एक मनुष्य कागद दाखविण्यासाठी नेमलेला असतो व दुसरा दाखविलेल्या कागदामागचा कागद पाहण्यासाठी. या दोघांस एकच नीती कशी लागू पडावी? निदान शेवटच्या वर्षी वाटा स्पष्टपणे वेगळ्या कराव्यात आणि का वेगळ्या केल्या हे विद्यार्थ्यास सांगावे. पुलित्झरने १९०४ मध्ये ओढलेली रेघ येथेही उपयोगी पडेल.

ही रेघ तालुक्याच्या गावी आणखीच पुसट होते, आणि येथे पालकांशी उघड बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. ग्रामीण वार्ताहरास पुष्कळदा पगार नसतो. बातमीमागे थोडे मानधन आणि जाहिरात आणून दिल्यास तिच्यावर दलाली, यांवर त्याचे चालते. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याने सकाळी आणली त्याच्याच कारभाराची बातमी त्याने सायंकाळी द्यावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरून नाही. जे अभ्यासक्रम ‘उज्ज्वल संधीं’ची यादी देतात आणि या व्यवस्थेविषयी मौन पाळतात, ते विद्यार्थ्याशी प्रामाणिक नाहीत. स्वातंत्र्याची किंमत या मुलखाने पूर्वीही मोजली आहे. सोलापुरात ‘गझनफर’ हे पत्र चालविणारे कुर्बान हुसेन यांस १९३० च्या आंदोलनानंतरच्या खटल्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ काढला, तेव्हा निजाम सरकारची बंदी चुकविण्यासाठी पत्राची नावे बदलत ते चालवावे लागले. आजचे संकट फाशीचे नाही. ते उसनवारीचे आहे, आणि धमकीचेही आहे. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रास २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

मग तामलवाडीच्या त्या पदवीधरास उत्तर काय द्यावे? आमचे उत्तर असे. पहिली पदवी झाली असेल ती इतिहासाची असो, शेतीची असो वा वाणिज्याची. ती टाकून देऊ नये, तिच्यावरच उभे राहावे. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन चार प्रश्न विचारावेत : येथील विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी स्वतः शोधून काढलेल्या बातम्या कोणत्या, आणि त्या कोठे छापल्या गेल्या? एखादा विषय खोलवर शिकण्याची सोय आहे काय? उमेदवारीसाठी वृत्तपत्रात पाठविले असता विद्यार्थ्यास काही शिकवितात, की केवळ पत्रके टंकून घेतात? लिहिलेल्या मजकुरावर लाल शाई फिरविणारा अध्यापक येथे कोण? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर दोन वर्षे खुशाल द्यावीत. न मिळाली तर पदविकेवर भागवावे, आणि उरलेले वर्ष तालुक्यातील एका विषयाच्या कागदांत घालवावे. त्यातून जी कात्रणवही तयार होईल तिचे वजन पदवीपत्राहून कमी भरणार नाही. मुलगी असेल तर तिला हे उत्तर निराळे देऊ नये. स्त्रियांशी मोकळेपणाने बोलू शकणारा बातमीदार या जिल्ह्यास अधिकच हवा आहे. आणि प्रारंभीची काही वर्षे चरितार्थाचे दुसरे साधन हाताशी ठेवावे; लेखणी मोकळी राहण्यास त्याचा उपयोग होतो.

विद्यापीठांस आमची विनंती याहून थोडकी आहे. अंतिम वर्षाच्या प्रबंधासाठी विद्यार्थ्याने आपल्या गावाचे एक महसूल मंडळ घ्यावे, त्याचे एक वर्षाचे पाऊस, पीक, विमा, शाळा, दवाखाना यांचे कागद मिळवावेत, त्या कागदांतील माणसांस भेटावे, आणि जे दिसले ते शंभर पानांत स्वच्छ मराठीत लिहावे. असे प्रबंध दरवर्षी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमत गेले, तर दहा वर्षांत जिल्ह्याचा असा लेखाजोखा तयार होईल, की जो आज कोणत्याही कचेरीत नाही. त्यांतील एखादा तामलवाडीच्या चावडीवर वाचून दाखविला असता ऐकणाऱ्यांनी ‘होय, हे असेच आहे’ म्हणून मान डोलाविली, तर परीक्षकाने वेगळे गुण देण्याचे फारसे कारण उरणार नाही.